थोरलीचं अक्षर

आप्पासाहेबांनी विनयाची वही दोन्ही हातांत घेतली, चष्मा कपाळावर सारला, वही अगदी डोळ्यांशी नेऊन एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि मान न उचलताच ते म्हणाले, "हा हात घडवण्यासारखा आहे." एवढंच झालं. भाऊबीजेची दुपार होती. सुधाच्या आईनं, हल्ली तिच्याकडेच राहणाऱ्या प्रयागबाईंनी, आपल्या या मानलेल्या भावाला नुकतंच ओवाळलं होतं आणि सुधा तबक घेऊन आत निघाली होती. ती उंबऱ्यावरच थांबली. तिच्या पोटात दुखलं. हे दुखणं तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. बावीस वर्षं ते अधूनमधून उठायचं, पण आजवर उठायचं ते धाकट्या बहिणीच्या, सिंधूच्या नावानं. आज ते विनयाच्या नावानं उठलं. विनया तिची पोटची पोर, एकुलती एक, अजून बारावं लागलं नव्हतं. आणि तरी सुधाच्या मनात एक वाक्य सरळ येऊन उभं राहिलं, की मामा, माझी वही तुम्ही दोन ओळी पाहून मिटली होती.

आत येऊन तिनं तबक खाली ठेवलं आणि उभ्यानंच तांब्याभर पाणी प्यायली. लाज वाटली का? वाटली, पण ती मागून आली. आधी आला तो हेवाच. आई पोरीवर जळते म्हणून कुणाला सांगावं तर तो तोंडात शेण घालील. बाहेरच्या खोलीत तिचा नवरा रमाकांत हरखून बोलत होता. तो इथंच, बारामतीत, हायस्कुलात मराठी शिकवायचा, आणि ज्यांचं लिहिणं छापून येतं अशी माणसं त्याला देवाच्या एकच पायरी खाली वाटायची. आप्पासाहेब सांगत होते, "आठवणी लिहायला घेतल्यात. नजर अधू झाली, हात कापतो. मी सांगत जाईन, ही लिहीत जाईल. सुट्टीचे पंधरा दिवस राहिलेत ना? बाग आहे, विहीर आहे. पोर रमेल तिथं." रमाकांत म्हणाला, "हे तर आमचं भाग्य, आप्पासाहेब. पुस्तकं घोकून भाषा येत नाही, असा सहवास लागतो." मग थोडं हसणं झालं. आप्पासाहेबांची मोटार दारातच उभी होती, तासाभरात इंदापूरला परत जायचं होतं. "हिचे दोन कपडे बांधून द्या," ते म्हणाले, आणि विनया धावत स्वयंपाकघरात आली. "आई, माझा जरीचा परकर कुठं आहे? मी चाललेय आप्पाआजोबांकडे. त्यांना माझं अक्षर आवडलं."

"ट्रंकेत आहे," सुधा म्हणाली. "काढून देते."

माजघरात जाऊन तिनं ट्रंक उघडली. कपड्यांच्या वरच दिवाळी अंक होता. तो तिनंच तिथं लपवून ठेवला होता. आठ दिवसांपूर्वी रमाकांतनं तो पुण्याहून मागवला, कारण त्यात आप्पासाहेबांची कथा होती. 'लेखनिक' असं तिचं नाव. संध्याकाळी त्यानं ती सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवली. गावाबाहेरच्या बागेत एकटा राहणारा एक लेखक असतो, आणि त्याच्या लिखाणाची छापखान्यासाठी स्वच्छ प्रत करायला अकरा वर्षांची एक मुलगी येत असते. ती कुणी न बोलावता, आपण होऊन, अनवाणी पळत येते. तिच्या येण्यानं त्या माणसाच्या रुक्ष आयुष्याला पालवी फुटते. मग एक दिवस ती यायची थांबते आणि तो जन्मभर फाटकाकडे डोळे लावून बसतो. शेवट वाचून रमाकांतनं अंक अलगद मिटला. "काय संयम आहे," तो म्हणाला, "कुठं एक शब्द भडक नाही. किती निर्मळ स्नेह." प्रयागबाई वाती वळत होत्या. त्यांच्या हातातली वात तुटली, त्यांनी दुसरी घेतली. आणि सुधा? सुधा ना रडली ना चिडली. ती वाट बघत होती. आता आपण येऊ, या पानावर नाही तर पुढच्या पानावर येऊ. सिंधूच्या वेणीतली अबोली आली, सिंधूच्या बोटावरचा शाईचा डाग आला, सिंधू पाण्याच्या पाटावरून कशी उडी मारायची ते आलं, आणि सुधाच्या वाट्याला आलं एक वाक्य: 'तिची थोरली बहीण कधीमधी फाटकाशी दिसे, तिचं नाव मात्र आता आठवत नाही.' दुसऱ्या दिवशी चुलीवर भात ठेवून सुधानं ती कथा चार वेळा वाचली. भात करपला. हे सगळं त्यांनी लिहिलं कसं, असा राग तिला आला असता तर ती आज स्वतःला माणसात मोजू शकली असती. पण राग आला तो वेगळाच. यात आपण नाही, याचा तिला राग आला.

कारण अक्षर तिचं चांगलं होतं. ही गोष्ट सुधा जगात कुणापुढंही शपथेवर सांगायला तयार होती. तिचे वडील, तात्या, इंदापूरला कचेरीत कारकून होते आणि दोघी बहिणी तिथल्या मुलींच्या शाळेत जायच्या. सुधा चौदाची, सिंधू अकराची. सुधाचं अक्षर म्हणजे ओळीत मांडलेले मोती. मास्तर तिची वही वर्गावर्गातून फिरवायचे. सिंधूचं म्हणजे ओल्या अंगणात कोंबडी चालून गेल्यासारखं. आप्पासाहेब तेव्हा वकिली सोडून कालव्याच्या पाण्यावर डाळिंबं लावून राहिले होते, आणि त्यांची पुस्तकं निघत होती. तालुक्यात त्यांच्या नावाला मान होता. आईला सख्खा भाऊ नव्हता, तिला फार वाटायचं. एका भाऊबीजेला आप्पासाहेब स्वतःच घरी येऊन पाटावर बसले. "प्रयागताई, मला ओवाळा," ते म्हणाले, आणि आईच्या डोळ्यांना धार लागली. त्या दिवसापासून ते मामा झाले. मानलेला झाला तरी मामा तो मामाच. भाची मामाकडे चालली, तर कुठं चाललीस, किती वेळ, कशाला, असं कोण विचारतं? लोक उलट म्हणायचे, नशीब काढलं पोरींनी. तो मामा हातात टोपली घेऊन यायचा, टोपलीत डाळिंबं असायची, आणि एक दिवस त्यानं दोघींच्या वह्या मागितल्या. सुधानं आपली वही आधी दिली. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि मिटून खाली ठेवली. मग सिंधूची वही उघडली आणि पानामागून पान उलटत राहिले. "हा हात घडवण्यासारखा आहे," ते म्हणाले होते. आज म्हणाले तेच, तेवढ्याच शब्दांत.

जरीचा परकर तळाशी होता. सुधानं तो झटकून गुडघ्यावर घेतला आणि घडी घालू लागली. तिला ते पेन आठवलं. सिंधूला त्यांनी फौंटन पेन दिलं होतं, हिरवं, सोनेरी टोपणाचं. त्या घरात तोवर टाक आणि दौतच होती. हात लावू दे म्हटलं तर सिंधू पेन पोटाशी धरायची. "मामांनी सांगितलंय कुणाला द्यायचं नाही." आणि एकदा भांडता भांडता ती बोलून गेली, "मामा म्हणतात, तुझी ताई तुझ्यावर जळते, तिला आपलं काही सांगत जाऊ नकोस." सुधाच्या अंगाचा तिळपापड झाला होता, कारण ते खरं होतं. त्या माणसानं चौदा वर्षांच्या पोरीचा हेवा बरोबर ओळखला, आणि लोक शेताला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालतात तसा तो हेवाच सिंधूभोवती लावून टाकला. सिंधू कुणाला सांगणार? आईला सांगायची सोय नव्हती, आणि ताई तर जळकी.

रोज शाळा सुटल्यावर सिंधूला बागेच्या फाटकापर्यंत सोडायचं आणि परत आणायचं, हे काम सुधाकडे होतं. सुरुवातीला आप्पासाहेब ओसरीवर येरझाऱ्या घालत सांगायचे. त्यांचा आवाज फाटकापर्यंत यायचा, पूर्णविराम, स्वल्पविराम सगळं ऐकू यायचं. सुधा डाळिंबाच्या सावलीत पाटाच्या काठाला बसून मनातल्या मनात ते वाक्य आपल्या अक्षरात लिहून काढायची. मग लिहायला एकांत लागतो म्हणून ती दोघं खोलीत बसू लागली. दार लागू लागलं. मग आवाज यायचा थांबला. सुधाला वाटायचं, मामा विचार करत असतील. मोठ्या लेखकाला पुढचं वाक्य सुचायला वेळ लागत असेल, आणि तेवढा वेळ सिंधूला त्यांच्याजवळ नुसतं बसायला मिळत असेल. ती पाटातला चिखल काढून त्याचे गोळे करायची आणि त्या शांततेचाही हेवा करायची. सिंधू बाहेर आली की आधी पाटापाशी जायची आणि माती लावून हात धुवायची. कोपरापर्यंत धुवायची, पुन्हा धुवायची. सुधा म्हणायची, "चल गं, नखरे पुरे. शाई लागली म्हणून दाखवायचंय सगळ्यांना."

घरात भामाबाई धुण्याभांड्याला यायची. तिला लिहितावाचता येत नव्हतं, त्यामुळे सिंधूचं अक्षर किती सुधारलं याचं तिला काही कौतुक नव्हतं. तिला दिसायचं ते ताट. एक दिवस ती मोरीतून उठून पदराला हात पुसत आईपुढं उभी राहिली. "वैनी, धाकली जेवत न्हाय. येती तवा मोरीत बसून हात घासती. अंग चोरून बसती, कुणी हात लावला की दचाकती. तुमास्नी दिसत न्हाय व्हय?"

आई तांदूळ निवडत होती. "शाईचे हात असतात तिचे. धुवायला नकोत?"

"येवडी शाई नसती वैनी."

आईनं एक खडा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "भामाबाई, उद्यापासून येऊ नका." सुधा दाराशीच होती. दर आठवड्याला टोपलीतली दोन डाळिंबं भामाबाईला मिळायची. त्या दिवशी ती जाताना म्हणाली, "मला नगं ती डाळिंबं," आणि तशीच गेली. तात्या संध्याकाळी आले. आई त्यांच्याशी हळू आवाजात बोलली, आणि तात्या भिंतीकडे तोंड करून कोट खुंटीला अडकवत राहिले. शेवटी आईच म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन पोरी उजवायच्यात आपल्याला." ते ऐकून तात्यांनी डाळिंब फोडायला घेतलं. दाणे सगळ्यांनी खाल्ले. सुधानंही खाल्ले, मुठीनं खाल्ले, आणि गोड होते.

पुढचं आठवायचं नाही म्हणून सुधानं आजवर हजार युक्त्या केल्या होत्या. कामात जीव घालायचा, मोठ्यानं स्तोत्र म्हणायचं, नाही तर विनयाला उगाच हाक मारायची. पण आता परकराची घडी दुसऱ्यांदा मोडून तिसऱ्यांदा घालताना ते आपोआप पुढं आलं. एक दिवस शाळेतून येताना सिंधू म्हणाली, "ताई, आज तू जा ना. सांग, तिला ताप आलाय." आणि घरी आल्या आल्या ती धान्याच्या कणगीमागं जाऊन बसली. सुधाला आभाळ ठेंगणं झालं. वर्षभर तिनं चोरून कित्ते गिरवले होते, बोरू झिजवले होते, ते आज फळाला येणार होतं. केस विंचरून, कित्त्याची वही छातीशी धरून ती बागेत गेली. आप्पासाहेब दारात आले. तिच्यामागं कुणी नाही हे त्यांनी आधी पाहिलं. मग वही घेतली, दोन ओळी वाचल्या, आणि अगदी मायेनं म्हणाले, "तुझा हात बसलाय आता, पोरी. बसलेल्या हाताचं काही करता येत नाही. धाकटीला पाठव."

ती घरी आली ती रडत नव्हती. रडणं परवडलं असतं. आईनं विचारलं, "आप्पादादा काय म्हणाले? सिंधू कुठं गेली?" आणि सुधानं बोट दाखवलं. "कणगीमागं."  आईनं सुधाकडे एकदा पाहिलं आणि चुलीकडे वळली. म्हणजे न्यायची ती सुधानंच. तिनं सिंधूला ओढून बाहेर काढलं, मनगटाला धरलं आणि रस्त्याला लागली. सिंधू ओरडली नाही, की हात सोडवून घ्यायला बघितलं नाही. सगळा रस्ताभर ती एकच बोलत होती. "ताई, तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी सांगते मामांना, तुझं चांगलं आहे. मी सांगते." सुधाला वाटलं, ही टोचून बोलते आहे. तिनं मनगट आणखी घट्ट धरलं. फाटकाशी सोडलं तेव्हा त्यावर तिची चार बोटं उमटली होती. त्यानंतर सिंधू कधी लपली नाही. लपून उपयोग नाही हे तिला ताईनंच शिकवलं होतं.

दोन्ही पोरी उजवल्या गेल्या. सुधासाठी शिकलेलं, नोकरीतलं स्थळ आप्पासाहेबांनीच आणलं. रमाकांत त्यांच्या ओळखीतला. हा संसार, ही ट्रंक, हा जरीचा परकर, सगळं त्या शब्दावर उभं राहिलेलं. पाठोपाठ सिंधूला वरकुट्याच्या मोहनरावांना दिली, पंधराव्या वर्षी, घाईनं. मामा नवरीच्या पाठीशी उभा राहतो तसे आप्पासाहेब तिच्या पाठीशी उभे राहिले. अंतरपाटाआड सिंधूला भोवळ आली. लोक म्हणाले, उपास सोसला नाही. आणि सुधाला तेव्हाही हेच खुपत होतं, की माझ्या लग्नात मामा घाईत होते, हिच्या लग्नात दिवसभर थांबले. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, त्यातली गत.

तीन वर्षांपूर्वी ती वरकुट्याला गेली होती. गावात मुलींची शाळा काढा म्हणून बायकांचा एक अर्ज फिरत होता, तो सिंधूच्या घरी आला. ज्यांना येत होतं त्या सह्या करत होत्या. सिंधूनं अंगठा पुढं केला आणि शाईत बुडवून उठवला. सुधा थक्क झाली. "अगं सिंधू, तू?" सिंधू अंगठा लुगड्याला पुसत म्हणाली, "मला न्हाय येत लिवाया." बोलणंही तिचं तिकडचं होऊन गेलं होतं. सासरी तिनं पहिल्या दिवसापासून तसंच सांगितलं होतं आणि सगळ्यांचा तसाच समज होता. आलेलं पत्र दीर वाचून दाखवायचा. घरी परतल्यावर सुधा रमाकांतला म्हणाली होती, "ढोंग नुसतं. जिनं अख्खी पुस्तकं लिहून काढली ती अंगठा उठवते." तेव्हाही मनात कुठंतरी तिला बरं वाटलं होतं, की चला, आता तरी दोघींत अक्षर असलेली एकच राहिली.

परकराच्या खाली कित्त्याची ती जुनी वही होती. सुधानं उघडली. कागद पिवळा पडला होता, अक्षर जसंच्या तसं होतं. वेलांटी न् वेलांटी जागच्या जागी. शेजारी तिनं माजघरातच पडलेली विनयाची दुसरी वही उघडून ठेवली. विनयाचं अक्षर वाईट होतं. साधं वाईट नव्हे, रमाकांत दर रविवारी तिला त्यापायी रागवायचा. ओळ सुरू व्हायची एकीकडे आणि संपायची भलतीकडे. सुधा दोन्ही वह्यांकडे बघत राहिली. बावीस वर्षं तिनं एकच प्रश्न विचारला होता. माझं अक्षर चांगलं, मग तिला का घेतलं? विचारताना दर वेळी डोळ्यांपुढं सिंधू असायची, आणि सिंधू दिसली की उत्तर न येता नुसती कळ यायची. आता तिनं तोच प्रश्न विनयापुढं विचारून पाहिला. हिचं अक्षर वाईट, मग हिला का घेतात? आणि उत्तर चटकन, काही न दुखता आलं. अक्षरासाठी घेत नाहीत. तेव्हाही घेतलं नव्हतं. काखेत कळसा घेऊन ती बावीस वर्षं गावाला वळसा घालत होती. कानांत पाटाच्या पाण्याचा आवाज आला, आणि बाहेर विनया म्हणत होती, "आई, झालं का? आजोबा खोळंबलेत."

सुधानं परकर ट्रंकेत परत टाकला. कित्त्याची वही आणि रमाकांतचं पेन घेतलं, बाहेर आली आणि आप्पासाहेबांच्या खुर्चीपुढं जमिनीवर मांडी घालून बसली. वहीचं कोरं पान काढलं.

"विनू येणार नाही," ती म्हणाली. "काय सांगायचं ते मला सांगा, मामा. मी लिहून घेते."

"अगं, हे काय भलतंच?" रमाकांत ओशाळून हसला.

आप्पासाहेबही हसले. "तू? तुझा हात तर..."

"बसलेला आहे. म्हणूनच कापत नाही." तिनं पेनाचं टोपण काढलं. "पण आधी तुमच्या कथेतलं एक वाक्य चुकलंय ते नीट करते. ती आपण होऊन येत होती असं लिहिलंय तुम्ही." मग ती मान खाली घालून लिहू लागली, आणि लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणत गेली, त्यांच्याच सवयीप्रमाणे पूर्णविरामासकट. "ती आपण होऊन येत नसे, पूर्णविराम. ती कणगीमागं लपून बसे, पूर्णविराम. तिची थोरली बहीण तिला ओढून काढी आणि मनगटाला धरून आणी, पूर्णविराम. थोरलीचं नाव सुधा, पूर्णविराम. धाकटीचं वय तेव्हा अकरा, पूर्णविराम."

 प्रयागबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या कशाबशा म्हणाल्या, "सुधा, नको. झाकली मूठ..."

"आई, त्या मुठीत सिंधूचं मनगट होतं."

तिनं पान फाडून आप्पासाहेबांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि कागद डोळ्यांशी नेला.   त्यांनी सगळं वाचलं, दोन ओळींवर थांबले नाहीत. मग जन्माच्या सवयीनं म्हणा, की दुसरं काही बोलण्यासारखं उरलं नव्हतं म्हणून म्हणा, ते हलक्या आवाजात म्हणाले, "अक्षर सुंदर आहे."

या वाक्यासाठी तिनं बोरू झिजवले होते, याच्यासाठी बहीण घालवली होती. ते आलं. आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण क्षणभर तिला बरं वाटलं.  मग तिनं कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. आप्पासाहेबांनी काठी शोधली, टोपी घातली, आणि कुणाकडे न बघता बाहेर पडले. त्यांच्यामागून रमाकांत पायरीपर्यंत गेला, मोटार निघाल्यावरही तिथंच उभा राहिला, आणि परत आला तेव्हा त्यानं कोनाड्याकडे, अंक जिथं आधी ठेवला होता तिकडे पाहिलं. "ती मुलगी," तो म्हणाला, "आपली सिंधू?" सुधा म्हणाली, "हो." त्याला बसायला हवं होतं, पण समोर होती ती आप्पासाहेबांची खुर्ची. तो उभाच राहिला.

विनया दाराशी उभी होती. तिनं स्वतःच केसांना तेल लावून वेणी घातली होती.  "तुला बघवत नाही," ती आईला म्हणाली. "कुणी माझं चांगलं म्हटलं की तुला बघवत नाही. तू जळतेस माझ्यावर."

"विनू!" रमाकांत ओरडला. सुधानं हातानं त्याला थांबवलं.

"खरं आहे," ती म्हणाली. "जळले. जळले म्हणून तर कळलं."

विनयाला त्यातलं काही कळलं नाही. ती माजघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून रडत बसली, आणि सुधानं तिला रडू दिलं. कधीतरी तिला सांगावं लागेल, पण आज नाही. प्रयागबाई अजून, ओवाळताना तबक ठेवलं होतं त्या जागेकडे बघत होत्या. सुधानं त्यांच्यापुढं चहाची कपबशी ठेवली, त्यांनी ती घेतली. मग सुधानं पाकीट काढून त्यावर वरकुट्याचा पत्ता लिहिला आणि तिला आठवलं, की पत्र दीर वाचून दाखवतो. हा कागद त्याच्या हाती पडता कामा नये, तो टपालानं जाणार नव्हता. सकाळची पहिली गाडी इंदापूरची होती, तिथून पुढं मिळेल ते वाहन. सिंधूपुढं बसायचं आणि आपणच वाचायचं. ती दारात उभी करील की नाही, ऐकेल की उठून जाईल, काहीच सांगता येत नव्हतं. ती उठून गेली तर जाऊ द्यायचं. काही झालं तरी तिच्या मनगटाला हात लावायचा नाही, एवढं मात्र सुधानं ठरवलं.